देणगीची पाटी आणि वर्गणीची पावती

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाने आम्हांला विषय दिला आहे तो 'धर्मादाय संस्था आणि सार्वजनिक कार्य' असा. ऐकायला भारदस्त आहे, पण बेळगावात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जायला नको. रिक्षात बसल्यावर आपण काय सांगतो? 'आरपीडी कॉर्नरला सोडा', 'गोगटे सर्कलला थांबवा', 'लिंगराज कॉलेजवरून घ्या'. दिवसातून चार वेळा आपण देणगीदारांची नावे घेतो. ती इतकी अंगवळणी पडली आहेत की ती माणसांची नावे आहेत हेच विसरायला होते. तेव्हा आधी ही माणसे कोण होती ते थोडक्यात पाहू आणि मग आजच्या प्रश्नाकडे येऊ.

शिरसंगीचे लिंगराज देसाई हे सौंदत्ती तालुक्यातले वतनदार. १९०६ साली ते वारले, आणि मृत्युपत्राने त्यांनी आपली मालमत्ता मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्यानंतर दहा वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९१६ रोजी, सात तरुण शिक्षकांनी बेळगावात एक शाळा सुरू केली. तीच आजची केएलई संस्था. या संस्थेने १९३३ मध्ये काढलेल्या कॉलेजाला लिंगराजांचे नाव आहे. त्यापूर्वी मॅट्रिक झालेल्या आपल्या मुलांना पुढे शिकायचे तर धारवाड, कोल्हापूर, सांगली नाही तर पुणे गाठावे लागे. ज्याच्या घरी खोलीभाड्याची आणि खाणावळीची सोय नसेल, त्याचे शिक्षण तिथेच थांबे. त्या कॉलेजात कन्नड मुले शिकली तशी मराठी मुलेही शिकली. या सभागृहातल्या कितीतरी घरांत लिंगराज कॉलेजचे पदवीपत्र भिंतीवर असेल.

१९३९ मध्ये लॉ कॉलेज निघाले. त्याला वंटमुरीचे राजा लखमगौडा सरदेसाई यांचे नाव आहे. आपण 'आरएल लॉ' म्हणतो ते हेच. हिडकलच्या धरणालाही त्यांचेच नाव आहे. १९४५ साली टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी कॉलेज सुरू झाले. या राणी सावंतवाडी संस्थानच्या. त्याच साऊथ कोंकण एज्युकेशन सोसायटीच्या सायन्स कॉलेजला गोविंदराम सेक्सरिया यांचे नाव आहे. ते मुंबईच्या कापूस बाजारातले मारवाडी व्यापारी. गोगटे हे तर आपल्या बेळगावचेच उद्योजक. कॉमर्स कॉलेज आणि इंजिनीअरिंग कॉलेज या दोन्हींवर त्यांचे नाव आहे.

निपाणीकरांची गोष्ट आणखी वेगळी आहे. तंबाखूच्या पेठेत पैसा होता, पण गावात कॉलेज नव्हते. देवचंद शाह यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये कॉलेज उभे राहिले, ते निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरला. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणी १९५६ पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. गाव एका राज्यात आणि त्याचे कॉलेज दुसऱ्या राज्यात, शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. निपाणीची मुले चालत किंवा सायकलवरून राज्याची हद्द ओलांडून शिकायला गेली आणि संध्याकाळी घरी आली. सीमाप्रश्नावर बोलण्याची ही जागा नाही आणि आम्ही बोलणारही नाही. एवढेच नोंदवतो, की लिंगायत देसाई, कोकणची राणी, मारवाडी व्यापारी, चित्पावन उद्योजक आणि निपाणीचे शाह यांनी दिलेल्या पैशावर आपली पोरे शिकली. देताना कोणी कोणाची मातृभाषा विचारली नाही.

हे झाले पाटीवरच्या नावांचे. आता ज्यांची पाटी नाही त्यांच्याकडे वळू, कारण आम्हांला जे सांगायचे आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

देणगी एकदा मिळते. शाळा दररोज उघडावी लागते. केएलईच्या त्या सात शिक्षकांपाशी इस्टेट नव्हती. मोठे देणगीदार पुढे येईपर्यंत आणि आल्यानंतरही शाळेचे कुलूप काढणारे, वर्गावर जाणारे आणि गावोगाव झोळी घेऊन फिरणारे तेच होते. आपल्या शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. पावणेदोनशे वर्षे एखादे वाचनालय चालते ते एखाद्या दात्याच्या चेकवर चालत नाही. पुस्तके बांधून घ्यावी लागतात, वर्तमानपत्रांची बिले दर महिन्याला येतात, पावसाळ्यात छत गळते, आणि वर्गणी भरणारा सभासद वर्षामागून वर्ष लागतो. त्या सभासदांची नावे कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत. ती जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींत आहेत.

हे जाणलेला सर्वांत मोठा दाता अमेरिकेत होऊन गेला. अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा कारखानदार. त्याच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. पण त्याची अट होती. जागा गावाने द्यायची, आणि जेवढी देणगी तिच्या एक दशांश रक्कम दर वर्षी गावाने ग्रंथालय चालवण्यासाठी कबूल करायची. कबूल नसेल तर पैसे नाहीत. काही गावांनी ही अट नको म्हणून देणगीच नाकारली. मोठ्या पैशाला गावाच्या छोट्या पण कायमच्या पैशाची जोड नसेल तर इमारत उरते आणि संस्था जाते, हे त्या माणसाला कळले होते.

आपल्याकडे महर्षी कर्व्यांना हे वेगळ्या वाटेने अनुभवावे लागले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्या काळचे पंधरा लाख! विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. देणगीला काही अटी होत्या, आणि प्रत्यक्षात विद्यापीठाच्या हाती यायचे ते वर्षाला ५२,५०० रुपये व्याज. पुढे अटींवरून मतभेद झाले आणि ठाकरसींच्या विश्वस्तांनी ही वार्षिक रक्कम काही काळ थांबवली. नंतर समेट झाला आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईला गेले. यात दोष कोणाचा हे ठरवण्यात अर्थ नाही. दात्याची अट दात्याच्या जागी बरोबर होती. पण तो खर्च थांबला नाही, शाळा बंद पडल्या नाहीत, कारण अण्णासाहेबांची लहान देणग्या गोळा करण्याची सवय सुटलेली नव्हती. त्याआधीची कित्येक वर्षे ते गावोगावी चार-आठ आणे जमवीत फिरले होते, आणि साठी-सत्तरी ओलांडल्यावर परदेशातही निधीसाठी गेले. एकाच मोठ्या खांबावर सगळे छप्पर टाकू नये, हा त्यातला धडा.

लहान पैशाची ताकद आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभारला आणि त्यातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरी मूठभर धान्य मागितले. आणि गणेशोत्सवाचे काय? बेळगावात झेंडा चौकात १९०५ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून आपण वर्गणीच्याच जोरावर हा उत्सव करतो आहोत. एकाही सरकारने किंवा कंपनीने तो चालवलेला नाही. शंभराहून अधिक वर्षे दर घरातून थोडे थोडे घेऊन, पावती देऊन आणि शेवटी हिशेब मांडून काम तडीला नेण्याची कला आपल्या गल्लीगल्लीत आहे. ती कला अकरा दिवसांनंतर आपण माळ्यावर ठेवून देतो, एवढेच.

आता आजच्या काळाकडे येऊ. संस्थानिक गेले, सरदेसाई गेले. त्यांच्या जागी आता कंपन्या आणि त्यांची प्रतिष्ठाने आली आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एकही मर्यादा गाठतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची असते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. शिवाय टाटा, अझीम प्रेमजी यांच्यासारखी स्वतंत्र प्रतिष्ठाने आहेत.

या नव्या दानाचा एक नमुना आपल्या डोळ्यांसमोर आहे. कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांना दुपारच्या जेवणाबरोबर अंडे मिळते. सरकार आठवड्यातून दोन दिवस देत होते. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने उरलेल्या चार दिवसांचा भार उचलला. तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये, आणि लाभ घेणारी मुले सुमारे पंचावन्न लाख. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतले पोरही त्यात आले. इथेही अंड्याने भाषा विचारली नाही.

काम चांगलेच आहे. पण करार तीन वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी काय? हा प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. उलट दात्यालाही तो विचारलेला हवा असतो. याचे उत्तर टाटांनी पूर्वीच देऊन ठेवले आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कॅन्सरचे हॉस्पिटल सुरू केले. ते नीट चालवून दाखवले. मग १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने ते हाती घेतले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. आज बेळगावचा माणूस फाईल घेऊन रात्रीच्या गाडीने परळला जातो, तेव्हा तो सरकारी संस्थेत जातो. पण ती उभी राहिली ती ट्रस्टच्या पैशावर. प्रतिष्ठानाने वाट पाडायची, काम होते हे सिद्ध करायचे, आणि मग सरकारने ते आपले म्हणून पुढे न्यायचे, हा खरा क्रम. सरकारचे कर्तव्य कायमचे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले तर दात्याचे धोरण बदलेल त्या दिवशी ताट रिकामे राहील.

म्हणून अंडे खाणाऱ्या मुलाच्या पालकांचेही एक काम आहे. शाळेच्या एसडीएमसीत बसून हजेरी वाढली का, मुलांचे वजन वाढले का, याची नोंद नीट ठेवायला लावायची. उद्या सरकारपुढे 'हे पुढे चालवा' म्हणायचे तर हातात ती वही हवी. आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे एक सांगू शकतो. तोंडी मागणीला टेबलावर जागा नसते, कागदाला असते.

आणि कागदाचीच आपल्याकडे अडचण आहे. आम्हांला माहीत असलेल्या एका जुन्या शिक्षण संस्थेचे उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. एका कंपनीने तिथे स्वच्छतागृहे आणि संगणक देण्याची तयारी दाखवली. कंपनीने कागद मागितले: तीन वर्षांचे लेखापरीक्षण, आयकराची ८०जी नोंदणी, सीएसआरसाठी लागणारी सरकारी नोंदणी, कार्यकारिणीची चालू यादी आणि जागेचा उतारा. संस्थेची नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची. नोंदीत असलेल्या विश्वस्तांपैकी निम्मे हयात नव्हते, आणि त्यांच्या जागी आलेल्यांची नोंद कोणी केली नव्हती. जागा दान दिलेली खरी, पण उताऱ्यावर नाव अजून देणाऱ्याच्या आजोबांचे. ८०जीची मुदत संपलेली. सगळे जमवता जमवता मार्च उलटला आणि ती रक्कम दुसऱ्या जिल्ह्यात गेली. या मंडळींनी पैसे खाल्ले नव्हते. उलट पदरमोड करून शाळा चालवली होती. पण प्रामाणिकपणा कागदावर दिसला नाही.

पूर्वी देसाई किंवा राणीसाहेब माणूस पाहून देत. आजचे प्रतिष्ठान माणसाला ओळखत नाही. ते बंगळूरला किंवा मुंबईला बसून कागद पाहते. यात त्यांची चूक नाही. दुसऱ्याचा पैसा वाटायचा तर हिशेब मागावाच लागतो. त्यामुळे ज्या संस्थेला माहीतगार मनुष्यबळ आहे तिला मिळत जाते आणि ज्या शाळेला खरी गरज आहे ती मागे राहते. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळा आणि वाचनालये दुसऱ्या गटात आहेत. घटना मराठीत टंकलेली, अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत, सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, आणि सचिव सत्तरीचे. पटसंख्या कमी होत चाललेली शाळा आधी कागदात आजारी पडते आणि मग बंद होते.

यावर मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना कागदपत्रांची. आपल्या मंडळात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, तहसील कचेरीत आयुष्य काढलेले आहेत, हिशेब तपासनीस आहेत, कन्नड आणि इंग्रजी सफाईने लिहिणारी तरुण मुले-मुली आहेत. यांतल्या आठ-दहा जणांचे एक पथक करावे. वर्षाला दोनच संस्था घ्याव्यात. एखादी शाळा, एखादे वाचनालय. विश्वस्तांची नोंद, लेखापरीक्षण, ८०जी आणि उतारा एवढे पुरे करून द्यावे. याला पैसा फारसा लागत नाही. शनिवार लागतात.

दुसरी सूचना कायम निधीची. समजा, तीनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये बाजूला काढले. वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात. तीन वर्षांत दहा लाखांच्या वर रक्कम जमते. ती मुदतठेवीत ठेवून मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायचे. सात टक्के धरले तर दहा लाखांवर वर्षाला सत्तर हजार. एका गावच्या वाचनालयाची वर्तमानपत्रे, वीजबिल आणि अर्धवेळ मदतनीस यांना ते पुरेल. रक्कम लहान आहे, पण कोणाच्या करारावर अवलंबून नाही. आणि कंपनीपुढे जाताना 'आम्ही आमचा वाटा आधीच घातला आहे' असे म्हणता येणे ही फार मोठी गोष्ट असते.

तिसरी सूचना घेण्याच्या शिस्तीची. कोणी दहा लाखांची खोली बांधून देतो म्हणाला तर टाळ्या वाजवण्यापूर्वी वर्षाला एक लाखाची तजवीज कोण करणार ते लिहून घ्यावे. कार्नेगीची अट दात्याने घातली नाही तर आपणच स्वतःला घालावी. दात्याच्या अटीही आधीच वाचाव्यात, पाटी किती मोठी आणि कुठे लावायची इथपर्यंत. आणि वर्षाचा जमाखर्च गणपतीच्या मंडपात फलकावर लावावा, याच स्मरणिकेत छापावा. ज्याने एकावन्न रुपये दिले त्यालाही तो वाचता आला पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढे सगळे आपण का करायचे? कर भरतो, मग सरकारने करावे. सरकारने करावेच, आणि त्याच्याकडे मागितलेच पाहिजे. पण सरकार असो की प्रतिष्ठान, दोघेही जिवंत संस्थेलाच मदत करू शकतात. संस्था जिवंत ठेवणे हे त्या गावच्या लोकांचेच काम आहे, आणि ते आपल्या आजोबा-पणजोबांनी गरिबीत करून दाखवले. आपण त्यांच्यापेक्षा खचितच बऱ्या स्थितीत आहोत. आपली मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत. त्यांनाही गावासाठी काही करायचे असते, पण कोणाकडे आणि कशासाठी पाठवायचे हे त्यांना ठाऊक नसते. नीट हिशेब असलेला निधी त्यांना तो पत्ता देईल.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आपल्या पेठेतल्या दुकानदारांच्या जाहिराती आहेत. त्यांतल्या बहुतेकांना त्या जाहिरातीतून एक गिऱ्हाईकही जास्त मिळत नाही, तरी ते दर वर्षी देतात. ती देणगीच आहे. नाव तेवढे जाहिरातीचे. अशा माणसांच्या गावात कायम निधी उभा राहणार नाही असे आम्हांला वाटत नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा अशी अध्यक्षांना विनंती आहे. कागदपत्रांच्या पथकात ज्यांना यायचे आहे त्यांनी आजच आरतीनंतर सचिवांकडे नाव द्यावे. पहिली दोन नावे आमच्याकडून आम्ही लिहून दिलेली आहेत.

 गणपती बाप्पा मोरया!